ज्युलियन बाँड : ज्याला शपथ घेऊ दिली नाही असा आमदार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे ज्युलियन बाँड नक्की कोण?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे आमदार. पूर्ण नाव होरेस ज्युलियन बाँड, जन्म १४ जानेवारी १९४० टेनेसीतल्या नॅशव्हिलचा. एकूण वीस वर्षं ते जॉर्जियाच्या विधिमंडळात होते, आधी खालच्या सभागृहात आणि मग १९७५ पासून सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. पण लोकांना ते आठवतात ते त्या वीस वर्षांच्या आधीच्या एका वर्षासाठी, १९६६ साठी, कारण त्या वर्षी ते निवडून आले होते तरी त्यांच्याच सभागृहाने त्यांना शपथ घेऊ दिली नव्हती, आणि त्या एका वर्षात लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, आणि शेवटी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या माणसाला आत घ्या.

मार्टिन ल्यूथर किंग सगळ्यांना माहीत असतात, रोझा पार्क्स पण. बाँड यांचं नाव आपल्याकडे फार कुणी घेत नाही आणि मला ते मनापासून खटकतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

बाँड नावाचा त्या सिनेमातल्या बाँडशी काही संबंध?

नाही. पण त्यांच्या आजोबांचं नाव खरंच जेम्स बाँड होतं आणि त्यांची गोष्ट कुठल्याही सिनेमापेक्षा मोठी आहे. आजोबा १८६३ साली केंटकीत जन्मले, जन्मतःच गुलाम. लहान असतानाच गुलामगिरी संपली. पंधराएक वर्षांचे असताना शिकायचं असं ठरवलं, फी भरायला पैसे नव्हते, होता एक बैल. तो बैल दोरीला बांधून ते शंभर मैल चालत बेरिया कॉलेजला गेले आणि फी म्हणून बैलच दिला. कॉलेजने त्यांना घेतलं, १८९२ ला ते तिथून ग्रॅज्युएट झाले. ज्युलियन बाँड आयुष्यभर भाषणात ही गोष्ट सांगायचे, आणि सांगायचे की मी गुलामाचा नातू आहे, पणतू-खापरपणतू नाही, नातू. म्हणजे काळ किती जवळचा आहे बघा, २०१५ पर्यंत हयात असलेल्या माणसाचे सख्खे आजोबा कुणाच्या तरी मालकीचे म्हणून जन्मले होते.

घरची परिस्थिती कशी होती? गरिबीतून आले का?

नाही, घर शिकलेलं. वडील होरेस मान बाँड हे शिक्षणतज्ज्ञ, पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन युनिव्हर्सिटीचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. घरी येणारे-जाणारे पण तसेच मोठे लोक. नामवंत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी तर छोट्या ज्युलियनला विद्येच्या मार्गाला लावायचा एक छोटा समारंभच केला होता, त्याचा फोटो आहे. शाळा क्वेकर लोकांची, जॉर्ज स्कूल नावाची, पेनसिल्व्हेनियातच. क्वेकर म्हणजे युद्धाला तत्त्व म्हणून विरोध करणारा ख्रिस्ती पंथ, हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

१९५७ ला वडिलांना अटलांटात नोकरी लागली आणि सगळं घर दक्षिणेत आलं. उत्तरेतल्या क्वेकर शाळेतून निघालेला मुलगा एकदम अशा शहरात, जिथे बस, हॉटेल, पाण्याचा नळ, सगळीकडे गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं. तिथे मोरहाउस या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला ॲडमिशन घेतली. किंग स्वतः या कॉलेजचे माजी विद्यार्थी, आणि पुढे त्यांनी तिथे तत्त्वज्ञानाचा एक वर्ग घेतला त्यात बाँड विद्यार्थी होते.

मग कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीत कसे आले?

एका दुकानात बसलेले असताना. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय कॉलेजकुमार गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. ती बातमी अटलांटात पोचली. कॉलेजजवळच्या औषधाच्या दुकानात, जिथे पोरं खायला-प्यायला जमायची, तिथे लॉनी किंग नावाचा विद्यार्थी पेपर घेऊन बाँडच्या टेबलाशी आला आणि विचारलं, हे वाचलंस का, इथेही असं व्हायला पाहिजे ना. बाँड म्हणाले, होईल, कुणीतरी करेलच. त्यावर लॉनी म्हणाला, मग आपणच का नाही? आणि दोघं मिळून टेबला-टेबलावर जाऊन पोरं गोळा करायला लागले.

९ मार्चला अटलांटातल्या पेपरांत विद्यार्थ्यांचं एक पानभर निवेदन छापून आलं, मानवी हक्कांसाठी आवाहन अशा नावाचं. ते मुख्यतः रोझलिन पोप या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, बाँड यांनी मदत केली होती. आणि १५ मार्चला विद्यार्थी एकाच वेळी शहरातल्या वेगवेगळ्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. बाँड यांच्या गटाकडे सिटी हॉलचा कॅफेटेरिया होता, म्हणजे आपल्या महापालिकेचं कॅन्टीन म्हणा. बाहेर पाटी होती की जनतेचं स्वागत आहे. बाँड सांगायचे की काउंटरवरच्या बाई म्हणाल्या हे फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे, मी म्हटलं बाहेर तर पाटी लावलीये, तर त्या म्हणाल्या, ते आम्हाला तसं म्हणायचं नाहीये. मग पोलीस आले आणि ते आयुष्यात पहिल्यांदा आत गेले, वय वीस.

यात नागपूरचा संबंध आहे असं ऐकलं, खरं का?

खरं आहे, आणि थेट आहे. १९६० च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, नॉर्थ कॅरोलिनात रॅले इथल्या शॉ युनिव्हर्सिटीत चळवळीतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांनी या सगळ्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावलं आणि तिथून एक संघटना निघाली, स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी, बोलताना सगळे तिला स्निक म्हणतात. बाँड तिच्या संस्थापकांपैकी एक. या संघटनेचं उद्दिष्टांचं निवेदन, अहिंसा हाच आमचा पाया असं सांगणारं, ते लिहिलं जेम्स लॉसन या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी. आणि हे लॉसन १९५३ ते १९५६ नागपुरात होते, हिस्लॉप कॉलेजमध्ये शिकवत होते, पोरांना खेळाचं कोचिंग देत होते आणि गांधींचा सत्याग्रह समजून घेत होते. किंग यांच्या नेतृत्वाखालच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपूरच्या पेपरात.

अजून एक धागा म्हणजे बाँड यांच्या वेळचे मोरहाउसचे अध्यक्ष बेंजामिन मेज. ते १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधींना भेटले होते, दीडेक तास बोलले होते. नागपूर-वर्ध्याच्या मंडळींनी हे आपल्या पोरांना जरूर सांगावं, कारण शाळेच्या पुस्तकात किंग गांधींमुळे प्रभावित झाले एवढंच एक वाक्य असतं आणि तो प्रभाव कुठून, कुणाच्या सुटकेसमधून गेला ते कुणी सांगत नाही.

स्निकमध्ये बाँड यांचं काम काय होतं?

कम्युनिकेशन. प्रेस रिलीज काढणं, संघटनेचं वृत्तपत्र चालवणं, कोणाला कुठे अटक झाली, कुठे मारहाण झाली हे पत्रकारांपर्यंत पोचवणं. मिसिसिपीतल्या एखाद्या लांबच्या खेड्यात कार्यकर्त्याला जेलमध्ये टाकलं तर ते जगाला कळलं नाही तर तो माणूस जिवंत बाहेर येईल याची गॅरंटी नव्हती, त्यामुळे फोनवर बसून हे काम करणारा माणूस किती महत्त्वाचा होता ते समजून घ्या. या नादात १९६१ ला कॉलेज सुटलं, आणि डिग्री त्यांनी पूर्ण केली ती थेट १९७१ ला, आमदार असताना, इंग्रजी विषयात.

स्टेट लेजिस्लेटर म्हणजे आपला आमदारच ना?

हो, साधारण तसंच, दोन-तीन फरक आहेत. जॉर्जियात दोन सभागृहं आहेत पण दोन्ही लोकांनी थेट निवडून दिलेली, आपल्या विधान परिषदेसारखी शिक्षक-पदवीधर भानगड नाही. दर दोन वर्षांनी निवडणूक, दोन्हीकडे. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि कामकाजाचे दिवस वर्षाला फक्त चाळीस. त्यामुळे आमदारकी हे तिथे फुल टाइम काम धरत नाहीत, पगार पण तसाच कमी, बहुतेकांचा दुसरा धंदा असतो, वकिली किंवा शेती किंवा दुकान. बाँड यांचा दुसरा धंदा म्हणजे देशभर भाषणं देणं.

पहिली निवडणूक कशी जिंकले?

१९६४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की राज्यांच्या सभागृहात मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिजेत. जॉर्जियात तोवर खेड्यापाड्यातल्या छोट्या काउंट्यांचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वजन शहरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. नव्याने मतदारसंघ पाडले तेव्हा अटलांटाच्या वाट्याला जास्त जागा आल्या आणि त्यातल्या काही कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये पडल्या. बाँड यांनी १३६ क्रमांकाच्या मतदारसंघातून फॉर्म भरला. प्रचार म्हणजे दारोदार. नुसतं मत द्या म्हणून नाही, तुम्हाला काय पाहिजे हे विचारत फिरले, आणि लोकांनी सांगितलं ते जाहीरनाम्यात गेलं, त्यात किमान वेतन हा मुद्दा मोठा होता. जून १९६५ ला निकाल लागला, बाँड २,३२० मतं आणि समोरचा उमेदवार ४८७. वय पंचवीस.

मग शपथ का घेऊ दिली नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचं उत्तर थोडं मोठं आहे.

३ जानेवारी १९६६ ला अलाबामातल्या टस्कीगी गावात सॅमी यंग नावाच्या कार्यकर्त्याला, नेव्हीत नोकरी करून आलेल्या पोराला, एका पेट्रोल पंपावर गोळी घालून मारलं. कारण काय तर तो गोऱ्यांचं टॉयलेट वापरायला गेला. तीन दिवसांनी, ६ जानेवारीला, स्निकने व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निवेदन काढलं, अध्यक्ष जॉन लुईस यांनी ते वाचलं. मुद्दा सरळ होता, की जो देश आपल्या लोकांना घरी स्वातंत्र्य देत नाही तो तिकडे लांब कुणाला स्वातंत्र्य देतोय असं सांगू शकत नाही, आणि सक्तीच्या लष्करभरतीला नकार देणाऱ्यांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. एका रेडिओ पत्रकाराने बाँड यांना फोन करून विचारलं की तुम्हाला हे मान्य आहे का, आणि ते म्हणाले हो. ते शांततावादी होतेच, क्वेकर शाळेपासून. हेही बोलले की भरतीची कार्डं जाळणाऱ्यांच्या धैर्याचं मला कौतुक वाटतं, कारण परिणाम माहीत असून ते करतात. स्वतः त्यांनी कार्ड जाळलं नव्हतं, आणि कुणाला जाळा म्हणून सांगितलंही नव्हतं.

झालं. ७५ आमदारांनी सह्या करून अर्ज दिले की या माणसाला बसू देऊ नका, हा देशद्रोही बोलतो, याने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतली तरी ती खोटी असेल.

१० जानेवारी १९६६ ला नेमकं काय झालं?

अधिवेशनाचा पहिला दिवस. सगळे नवे आमदार शपथेला उभे राहणार, तेवढ्यात बाँड यांना सांगण्यात आलं की तुम्ही बाजूला व्हा. बाकी सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली, त्यांच्याबरोबर निवडून आलेल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय आमदारांनी पण घेतली, आणि हे एकटे तसेच राहिले. डोळ्यासमोर आणून बघा, कोट-टाय घातलेला एक शांत, सडपातळ पोरगा, आणि आजूबाजूला त्याच्या बापाच्या वयाचे लोक.

मग त्याच दिवशी कमिटीची सुनावणी. तिथे त्या रेडिओ मुलाखतीची टेप लावली. बाँड यांना विचारलं, त्यांनी काहीही मागे घेतलं नाही. सांगितलं की मी शपथ घ्यायला तयार आहे, जॉर्जियाच्या आणि अमेरिकेच्या दोन्ही घटनांची, आणि माझं मत माझं आहे. सभागृहात मतदान झालं, १८४ विरुद्ध १२. बाहेर.

मला यात सगळ्यात जास्त भिडतं ते हे की सुटकेचा रस्ता समोर होता. माफ करा, बोलताना शब्द चुकले, माझा तसा अर्थ नव्हता, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर बहुधा खुर्ची मिळाली असती. घरी बायको-मुलं होती, पंचविशीत आमदारकी चालून आली होती. नाही म्हटलं. चारच दिवसांनी, १४ जानेवारीला, त्यांच्या सव्विसाव्या वाढदिवशी, किंग यांनी विधानभवनावर मोर्चा काढला.

पुन्हा पुन्हा निवडून आले म्हणतात ते कसं?

सभागृहाने जागा रिकामी केली म्हणून फेब्रुवारी १९६६ ला पोटनिवडणूक लावली. बाँड यांनी त्याच जागेसाठी पुन्हा फॉर्म भरला आणि प्रचंड मतांनी जिंकले. अधिवेशन संपलेलं होतं तरी कमिटी बसली, पुन्हा विचारलं, बोललेलं मागे घेता का, पुन्हा नाही, पुन्हा नकार. मग नोव्हेंबरमध्ये रेग्युलर निवडणूक आली, आधी पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकले, मग मुख्य निवडणूक जिंकले. म्हणजे जून ६५ ते नोव्हेंबर ६६ या दीड वर्षात एकाच वस्तीने एकाच माणसाला तीनदा आमदार केलं आणि तरी सभागृहात त्या वस्तीचा आमदारच नव्हता.

ज्यांनी हे केलं ते मोलकरणी, शिपाई, कारखान्यातले कामगार, मास्तर, असे लोक. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं व्हिएतनामला गेलेली असणार, सगळ्यांना बाँड यांचं युद्धाबद्दलचं मत पटलं असेल असंही नाही. पण आमचा माणूस कोण हे आम्ही ठरवणार, तुम्ही कोण, ही गोष्ट त्यांना पक्की कळली होती. बाँड यांच्यावर लिहिताना लोक या मतदारांना दोन ओळीत उरकतात. माझ्या मते केस जितकी बाँड यांची तितकीच त्यांची.

कोर्टात काय झालं?

आधी हरले. अटलांटातल्या तीन न्यायाधीशांच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने २-१ ने सभागृहाची बाजू घेतली, विरोधात एकटे एल्बर्ट टटल. मग सुप्रीम कोर्ट. बाँड यांचे एक वकील हॉवर्ड मूर हे त्यांचे मेहुणे, बहिणीचे यजमान. किंग स्वतः याचिकेत सहभागी होते.

५ डिसेंबर १९६६, निकाल ९-०. बाँड विरुद्ध फ्लॉइड असं केसचं नाव, सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिला. साध्या भाषेत सांगायचं तर कोर्ट म्हणालं की आमदाराने शपथ घेतली पाहिजे हे ठीक, पण तो ती मनापासून घेतोय का हे तपासायचा अधिकार बहुमतवाल्यांना दिला तर न आवडणारं मत असणाऱ्या कुणालाही ते बाहेर काढू शकतील. जॉर्जियाचं म्हणणं होतं की साध्या नागरिकाला बोलायचं स्वातंत्र्य आहे पण आमदाराने जपून बोललं पाहिजे. कोर्टाने ते उलटं केलं. लोकप्रतिनिधीला तर वादाच्या विषयांवर बोलायची जास्तीत जास्त मोकळीक पाहिजे, कारण त्याचं मत काय आहे हे लोकांना कळणार कसं आणि ते त्याला जबाबदार धरणार कसे? दुसरं म्हणजे बाँड जे बोलले त्यावर साध्या माणसावर सुद्धा खटला होऊ शकत नाही, मग आमदारावर कसा?

९ जानेवारी १९६७ ला, पहिल्या नकारानंतर जवळपास एक वर्षाने, त्यांनी शपथ घेतली. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच विधिमंडळाने लेस्टर मॅडॉक्स यांना राज्याचा गव्हर्नर निवडलं, कारण निवडणुकीत कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं. मॅडॉक्स म्हणजे ज्यांनी आपल्या हॉटेलात कृष्णवर्णीय गिऱ्हाईक येऊ नये म्हणून कुऱ्हाडीचे दांडे ठेवले होते ते. अशा सभागृहात जाऊन बसायचं होतं.

जॉर्जियात असं आधी कधी झालं होतं का?

झालं होतं, बरोबर ९८ वर्षं आधी. यादवी युद्धानंतर १८६८ ला पहिल्यांदा कृष्णवर्णीय आमदार निवडून आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोऱ्या आमदारांनी त्यांना बाहेर काढलं, केवळ रंगावरून. तो गट ओरिजिनल ३३ म्हणून ओळखला जातो. त्यातले हेन्री मॅकनील टर्नर यांनी सभागृहात उभं राहून ठणकावून सांगितलं होतं की मी माझ्या हक्कासाठी भीक मागणार नाही. १८७० ला त्यांना परत घ्यावं लागलं. पण मग दार हळूहळू पुन्हा बंद होत गेलं, आणि विसाव्या शतकात पन्नास वर्षांहून जास्त काळ एकही कृष्णवर्णीय आमदार नव्हता, ते थेट १९६२ ला लेरॉय जॉन्सन सिनेटवर निवडून येईपर्यंत. अटलांटाला गेलात तर सोनेरी घुमटाच्या विधानभवनाच्या आवारात त्या ३३ जणांचं स्मारकशिल्प आहे, ते शोधून बघा.

व्हिएतनामवर त्यांनी कॉमिक काढलं होतं हे खरं?

हो, १९६७ ला. शब्द बाँड यांचे, चित्रं टी. जी. लुईस यांची. ज्यांना लांबलचक लेख वाचायला जमत नाही त्यांनाही हे युद्ध काय आहे ते समजावं म्हणून. ज्या विषयावरून खुर्ची गेली त्या विषयावर खुर्ची मिळाल्यावर गप्प बसले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उपाध्यक्षपदासाठी नाव आलं होतं म्हणतात?

१९६८ चं डेमोक्रॅटिक पक्षाचं शिकागोतलं अधिवेशन. मॅडॉक्स आणि त्यांच्या माणसांनी निवडलेल्या जॉर्जियाच्या प्रतिनिधींमध्ये कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच, म्हणून बाँड आणि मंडळी आपला वेगळा गट घेऊन गेले आणि आम्ही खरे प्रतिनिधी असा दावा लावला. शेवटी निम्म्या जागा मिळाल्या. बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना बडवत होते, आत टीव्हीवर सगळा देश बघत होता, आणि विस्कॉन्सिनच्या प्रतिनिधींनी उपाध्यक्षपदासाठी बाँड यांचं नाव सुचवलं. वय अठ्ठावीस, आणि घटनेप्रमाणे पस्तीस पूर्ण पाहिजेत. त्यांनी नाव मागे घेतलं. देशभर चेहरा झाला तो इथून.

वीस वर्षं आमदार म्हणून केलं काय? की फक्त भाषणं?

भाषणं खूप केली, आणि मतदारसंघात कमी दिसतात, सभागृहात गैरहजर असतात ही तक्रार त्यांच्यावर कायम होती. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी मांडलेली किंवा सहमांडलेली साठच्या वर विधेयकं कायदा झाली, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांनी नुसतं नाव सुचवलं तरी लोक विरोधात मत द्यायचे अशा ठिकाणी ही गोष्ट सोपी नाही. त्यातलं एक काम सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं. गडचिरोली-नंदुरबारकडे ज्यांनी काम केलंय त्यांना हा आजार काय असतो ते सांगायला नको, तिकडे आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो जास्त आणि सरकारला त्याची पडलेली नव्हती. कृष्णवर्णीय आमदारांचा एकत्र गट बांधण्यातही ते पुढे होते.

सगळ्यात मोठं आणि सगळ्यात रुक्ष काम म्हणजे मतदारसंघाच्या सीमा. १९८१ ला सिनेटमध्ये त्यांनी लावून धरलं की अटलांटाचा पाचवा काँग्रेस मतदारसंघ (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद) असा आखा की कृष्णवर्णीय मतदार स्पष्ट बहुमतात येतील. विधिमंडळाने ती वस्ती दोन तुकड्यांत फोडली, प्रकरण वॉशिंग्टनच्या कोर्टात गेलं, १९८२ ला कोर्टाने जॉर्जियाचा नकाशा मतदान हक्क कायद्याखाली फेटाळला आणि नवा काढायला लावला. नकाशे, जनगणनेचे आकडे, कुठला रस्ता कुठल्या बाजूला, असलं काम, फोटो येत नाही याचा.

मग त्या मतदारसंघातून ते खासदार का झाले नाहीत?

हे सांगताना वाईट वाटतं. १९८६ ला ती जागा मोकळी झाली आणि बाँड उभे राहिले, सिनेटची जागा सोडून. समोर जॉन लुईस. तेच लुईस, ज्यांनी वाचलेल्या निवेदनाच्या पाठीशी उभं राहिल्यामुळे बाँड यांची खुर्ची गेली होती. पंचवीस वर्षांचे दोस्त, दोघांची कुटुंबं एकमेकांच्या घरी जेवणारी. पहिल्या फेरीत बाँड ४७ टक्क्यांवर, लुईस ३५ च्या आसपास. दुसऱ्या फेरीत प्रचार कडवट झाला, टीव्ही डिबेटमध्ये लुईस यांनी ड्रग टेस्ट करून दाखवायचं आव्हान दिलं, बाँड यांनी ते धुडकावलं. कृष्णवर्णीय मतदारांत बाँड पुढे होते पण गोऱ्या मतदारांनी लुईस यांना भरभरून मतं दिली आणि साधारण ५२-४८ ने बाँड हरले. लुईस २०२० मध्ये वारले तोपर्यंत त्याच जागेवर खासदार होते. ज्या मतदारसंघाची आखणी एकाने लढून मिळवली तो दुसऱ्याचा झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी दोघांचं पुन्हा जमलं.

नंतरचं आयुष्य?

थोडक्यात सांगतो. नागरी हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरचे ते पहिले अध्यक्ष होते, १९७१ ते ७९, ते आमदारकीबरोबरच चाललं. नंतर व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत आणि वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत चळवळीचा इतिहास शिकवला. १९९८ ते २०१० कृष्णवर्णीयांच्या सगळ्यात जुन्या संघटनेचे, एनएएसीपीचे चेअरमन. समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी ते उघड उभे राहिले तेव्हा त्यांच्याच समाजातल्या बऱ्याच चर्चना ते आवडलं नव्हतं. २००६ ला किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्या अंत्यसंस्काराला ते गेले नाहीत, कारण तो समलिंगींच्या विरोधात बोलणाऱ्या चर्चमध्ये होता. इतक्या जवळच्या माणसाच्या शेवटच्या निरोपाला न जाणं, किती जड गेलं असेल. फेब्रुवारी २०१३ ला, वय ७३, कीस्टोन या तेलाच्या पाइपलाइनच्या विरोधात व्हाइट हाउससमोर बसून अटक करून घेतली. पहिल्या अटकेला तेव्हा ५३ वर्षं होत आली होती.

त्यांचा आवाज कुठे ऐकायला मिळेल?

आइज ऑन द प्राइज ही चळवळीवरची टीव्ही डॉक्युमेंटरी, १९८७ ला पहिला भाग आला, तिचं निवेदन बाँड यांचं आहे. एकदा तरी ऐका. कुठेही आवाज चढत नाही. कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले, चर्चमध्ये बॉम्ब फुटून मुली गेल्या, सगळं त्याच एका समंजस, थोड्या खालच्या पट्टीतल्या आवाजात. स्वतः त्यातले असूनही मी तिथे होतो असं एकदाही मध्ये आणत नाहीत. बाँड विरुद्ध फ्लॉइडच्या सुप्रीम कोर्टातल्या युक्तिवादाचं रेकॉर्डिंगही ऑनलाइन मिळतं, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते ऐकावंच.

त्यांचं निधन कधी झालं? समाधी कुठे आहे?

१५ ऑगस्ट २०१५, फ्लोरिडातल्या फोर्ट वॉल्टन बीचला, थोड्या आजारपणानंतर, वय ७५. समाधी बांधलेली नाही. पूर्वी कधीतरी ते म्हणाले होते की माझ्या दगडाच्या एका बाजूला लिहा की हा आपल्या वंशासाठी झटणारा माणूस होता, आणि दुसऱ्या बाजूला लिहा की याला चटकन हसू यायचं. पण शेवटी अस्थी मेक्सिकोच्या आखातात सोडायच्या ठरल्या, फक्त घरच्यांच्या उपस्थितीत. ज्यांना त्यांच्यासाठी काही करावंसं वाटत होतं त्यांना कुटुंबाने सांगितलं की २२ ऑगस्टला, आम्ही समुद्रावर असू तेव्हा, तिकडच्या वेळेप्रमाणे दुपारी दोन वाजता, तुम्ही जिथे असाल तिथे जवळच्या पाण्यात फुलांच्या पाकळ्या सोडा. नदी, तळं, समुद्र, काहीही चालेल. आणि लोक गेले, ठिकठिकाणी, काठावर उभे राहून पाकळ्या सोडायला.